काल दुपारचा भात

जमलेल्या सगळ्यांना हात जोडते. मी टोकावड्याची सुमन. उभी तर राहिले, पण भाषण मला येत नाय. भांडण येतं. माधवी डॉक्टरबाईंशी मी पहिल्याच दिवशी भांडले होते. तेच सांगते.

बाई शहापूरला ऑपरेशनच्या आधी भूल द्यायच्या. आमच्या मालकांची मूत्रपिंडं निकामी झालेली, डायलिसिस चालू. त्यात पित्ताशयात खडे झाले. ऑपरेशन ठरलं. रात्रीपासून पोट रिकामं ठेवा, असं सांगितलेलं. आमच्या पाड्याची रीत अशी, की घरचा माणूस ऑपरेशनला जायचा तर सगळं घर त्याच्याबरोबर उपाशी. आमी तर दुपारनंतरच चूल विझवली. पोरं शेजारी जेवली. आमी चहासुद्धा घेतला नाय.

सकाळी बाईंनी विचारलं, "काही खाल्लं?" मी म्हटलं, "नाय." त्यांनी मालकांच्या पोटावर सोनोग्राफीची मशीन फिरवली. पडद्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "पोट भरलेलं आहे. आज भूल देणार नाही."

बायांनो, माझ्या अंगाची नुसती आग आग झाली. सासूबाई समोरच! त्या ओरडल्या, "काय चारलंस गो त्याला? माझ्या पोराच्या जिवावर उठलीस?" मी देवाची शपथ घेतली. कोण ऐकतंय? मग मी बाईंवरच तुटून पडले, "तुमची मशीन खोटी! आमच्या घरात काल दुपारपासून चूल पेटली नाय, चला बघायला!"

बाई रागावल्या नायत. मालकांच्या नाकातून पोटात नळी घातली. नळीतून पाणी आलं. पाण्यात भाताची शितं. काल दुपारचा भात! मीच वाढलेला. आता माझं कोण खरं मानणार?

तेव्हा बाई सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. म्हणाल्या, "आजी, सूनबाई खरं बोलतात. मूत्रपिंडं गेली की पोटही सुस्त पडतं. खाल्लेलं पुढे सरकत नाही. भूल दिल्यावर हाच भात उलटून फुप्फुसात गेला असता. माझा संशय सुनेवर नव्हता, पोटावर होता."

सासूबाईंनी माझा हात धरला, तो घरी येईपर्यंत सोडला नाय.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, पुन्हा मशीन फिरवून, पोट रिकामं दिसल्यावरच. मालक इथं पुढंच बसलेत. त्यांना फार वेळ बसवत नाय, पण यायचंच म्हणाले.

बाई गेल्याचं कळलं आणि आज सकाळी मी सवयीनं चुलीपाशी बसले. सासूबाईंनी माझ्या हातातली काडेपेटी काढून घेतली. म्हणाल्या, "आज नको गो. घरचं माणूस गेलंय."

बाई, आज विचारायला तुमी नाय. तरी सांगते. आमी कोणी काही खाल्लेलं नाय.

मंडळी, माझ्याबरोबर थोडा वेळ गप्प उभे राहा.