भागीरथीचा कागद

(बर्मिंगहॅम. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभागृहाबाहेर उभी असलेली गाडी. आत विनिफ्रेड या वृद्ध बाईची शोकसभा नुकतीच संपली आहे. सुलक्षणा, निवृत्त नर्स, आणि तिला न्यायला आलेली मुलगी ईरा.)

ईरा : म्हणजे तू बोललीच नाहीस? आई, तीन दिवस लिहीत होतीस तू ते.

सुलक्षणा : कोणी बोलावलंच नाही, तर काय बोलणार?

ईरा : तिथे बोलावत नाहीत. दे जस्ट सिट. ज्याला आतून वाटेल तो उभा राहतो, बोलतो, परत बसतो.

सुलक्षणा : हे आता सांगतेस. मला वाटलं, आपल्या शोकसभेसारखं असेल. कोणीतरी म्हणेल, आता सुलक्षणाताई दोन शब्द बोलतील. चष्मा लावून, कागद मांडीवर घेऊन तासभर मूग गिळून बसले. शेवटी दोन म्हाताऱ्यांनी हात मिळवले, म्हणजे सभा संपली, नि सगळे चहाला उठले.

ईरा : मग बोललं कोण?

सुलक्षणा : चार-पाच जण. विनिफ्रेडचा मुलगा पीटरही. न्यूझीलंडहून आलाय, आज पहिल्यांदाच पाहिला मी त्याला. एक्क्याऐंशीचा आहे. म्हणाला, 'वडील गेले, मग तीन वर्षांचा असताना मला नागपूरला टायफॉइड झाला. माझी आई एकवीस दिवस उशाशी बसून होती.'

ईरा : सो? बसली असेल.

सुलक्षणा : विनिफ्रेड तेव्हा दिल्लीला होती. फाळणीच्या निर्वासितांच्या छावणीत. चांगलंच काम केलं, नाही म्हणत नाही. पण उशाशी माझी आई होती. बावीस वर्षांची. कापसाने त्याचे ओठ ओले करायची. विनिफ्रेड परतली तेव्हा पोरगं भात मागत होतं.

ईरा : मग तेव्हाच उठायचं ना!

सुलक्षणा : आई गेलेल्या म्हाताऱ्याला भर सभेत खोटं पाडू? आणि मला नर्सिंगला इथे आणलं कोणी? विनिफ्रेडनंच. पन्नास वर्षं त्या उपकाराखाली काढली मी.

ईरा : तरी तिचं नाव निघालं की तू चिडतेस.

सुलक्षणा : चिडणारच. हे लोक कोणाला सर म्हणत नाहीत, मिसेस म्हणत नाहीत. देवापुढे सगळे सारखे, म्हणून नुसतं नाव. मी तिच्या मुलीच्या वयाची, पण मीही विनिफ्रेडच म्हणायचं. नागपूरच्या तिच्या शाळेतल्या माळ्यालासुद्धा ती श्रीपत म्हणायची. माझी आई तेवढी अठरा वर्षं 'आया'. विनिफ्रेड एकशे दोन वर्षं जगली, त्यातली ऐंशी वैधव्यात. एवढ्या आयुष्यात एक नाव तिच्या तोंडी बसू नये?

ईरा : कागदात काय लिहिलंस?

सुलक्षणा : पहिलीच ओळ होती. पीटरला जिनं वाचवलं तिचं नाव भागीरथी. पुढचं सगळं तोंडदेखलं, सभेत शोभेलसं.

ईरा : चल, आत जाऊ. पीटर असेल अजून. त्याला एकट्याला सांग, कोणासमोर नको.

सुलक्षणा : भेटले ना. चहाच्या टेबलापाशी. त्यानंच विचारलं, तुमची आणि आईची ओळख कशी?

ईरा : मग?

सुलक्षणा : मी म्हणाले, माझी आई तुमची आया होती. त्याचे डोळे भरून आले. 'आया, आया' म्हणत माझा हात सोडेना.

ईरा : आणि आजीचं नाव?

सुलक्षणा : ते मीही नाही घेतलं. काढ गाडी.