मीठ पिकलं की शाळा ओस

मला सबुरीच्या गोष्टी सांगू नका. चैत्रात कोपरीच्या शाळेत मुलं टिकवून दाखवा, मग बोलू. मीठ पिकलं की तिथली पोरं बापाबरोबर मिठागरात जातात, आणि वार्षिक परीक्षा घ्यायला शाळा तपासणारे दिपोटीसाहेब नेमके तेव्हाच येतात. हजेरी कमी दिसली की ठपका मास्तरवर, म्हणजे माझ्यावर.

त्या वर्षी मी रोज संध्याकाळी खाडीच्या बांधावर जाऊन मिठागरात राबणाऱ्या धर्माची मनधरणी करत होतो. त्याचा महादू शाळेत सगळ्यांत हुशार. "परीक्षेला तेवढा पाठव रे बाबा."

शेवटी धर्मा म्हणाला, "मास्तर, घोर करू नका. महादूची जागा खाली ऱ्हानार नाय."

परीक्षेच्या दिवशी पाहतो तर महादूच्या जागेवर, महादूची पाटी मांडीवर घेऊन, खुद्द धर्मा बसलेला.

"अरे, महादू कुठाय?"

"मिठागरात. मुकादमानं घरचा एकच मानूस सोडला. साहेब येनार, तिथं पोराला कुठं धाडू? म्हनून मीच आलो. आमच्यात एक गडी नाय आला तं घरचा दुसरा उभा ऱ्हातो. खाडा लागत नाय."

मी कपाळाला हात लावला. "धर्मा, ऊठ आधी."

तेवढ्यात दिपोटी आत आले आणि त्याच्यासमोरच थांबले.

"नाव काय?"

"महादू धर्मा," धर्मानं ठणकावून सांगितलं.

साहेबांनी त्याच्या पिकलेल्या मिशांकडे पाहिलं. "वय?"

धर्मानं मिशीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, वय पन पोराचंच सांगायचं का?"