मास्तरांना न सांगितलेली कळशी

संदीप, मास्तरांच्या सूनबाई, आणि या पाण्याकाठी लांब लांब खुर्च्या टाकून बसलेल्या माझ्या सगळ्या मंडळींनो,

मला माईकवर बोलायची सवय नाही. बिनमाईकची आहे, ती फार आहे, माझ्या सुनेला विचारा. शाळा माझी दुसरीपर्यंत. घरून निघताना माझा अजित म्हणाला, "आई, दोनच शब्द बोल. गावाकडच्या गोष्टीत शिरू नकोस." बरं म्हटलं. पण अजित, आज मला शिरायचंच आहे. रागावू नकोस.

मास्तर जाऊन सहा महिने झाले. तेव्हा जमता आलं नाही, संदीपनं बिचाऱ्यानं चार माणसांत बापाचं सगळं उरकलं. आज जमलो, ते त्यांच्याच बाकापाशी. हा माझा बाक. तो त्यांचा. मधे दीड मीटर. मास्तर छत्री आडवी धरून मोजायचे, वर दोन वीत जास्त.

आम्ही दोघंही तीन महिन्यांसाठी आलेलो. मी नातीसाठी, ते मुलासाठी. करोनानं विमानं बंद झाली आणि दोघंही इथं हॉलंडात, हूफडॉर्पमध्ये अडकलो. खोटं कशाला बोलू, मला तर आनंदच झाला होता! पोरगा दिवसभर घरात, सून घरात, नात ईरा घरात. रोज शेंगदाण्याची चटणी कुटत होते. खालची डच बाई आवाज कसला म्हणून विचारायला आली, तर तिलाही दिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. परत आली नाही.

आणि इथं खाली मराठी बोलणारं माणूस भेटलं. मी काय विचारणार? आपण सगळे विचारतो तेच. "गाव कुठलं? आडनाव काय?" ते हसले. म्हणाले, "ताई, सदतीस वर्षं शाळेत शिकवलंय. मास्तर म्हणा." मला वाटलं, माणूस साधा आहे.

ते मला मोबाईलवरची बातमी वाचून दाखवायचे. तेव्हा रोज अमेरिका. तो काळा माणूस, पोलिसाच्या गुडघ्याखाली गेला तो. लोक रस्त्यावर आले, कुणी दुकानं फोडली, कुणी पोलिसांपुढं गुडघे टेकून बसले. मास्तर वाचायचे, आणि मी दर वेळी एकच विचारायची. "पण त्यानं काय केलं होतं?" दुसऱ्या गावातली दुसरी बातमी आली, तरी तेच. "पण यानं काय केलं होतं?" एकदा त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "ताई, तुमचा पहिला प्रश्न कायम हाच का हो असतो?" मी म्हटलं, "मग काय विचारू?" ते बदकांना बघत बसले.

तुम्हाला ती कॉम्प्युटरवरची सभा आठवते ना? आपल्या मंडळाची? तरुण पोरं म्हणत होती, मंडळानं पाठिंब्याच्या दोन ओळी लिहाव्यात, आम्ही आम्सटरडॅमच्या मोर्चाला जातो. केवढं भांडण झालं होतं! एक म्हणाला, "अमेरिकेचं भांडण आपल्या घरात कशाला?" दुसरा म्हणाला, "आपण इथं परमिटवर आहोत, विसरू नका." एक पोरगी ओरडली, "काका, विमानतळावर बॅग कुणाची उघडतात? तुमचीच ना?" ते काका म्हणाले, "उघडू देत, माझ्या बॅगेत लोणचंच असतं." सगळे हसले. आणि मग अजितनं मला पडद्यासमोर ओढलं. "आईला विचारा. आमच्या घरात पोलीस पाटीलकी होती."

मी काय बोलले, तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हणाले, "पोलीस उगाच कुणाला धरत नाहीत. आगीशिवाय धूर निघत नाही. पन्नास वर्षं बघितलंय मी."

किती टाळ्या वाजल्या! अंगठे काय, बदाम काय! कुणीतरी म्हणालं, "आजींनी एका वाक्यात विषय संपवला." खरंच संपला हो. दोन ओळी लिहायच्या राहिल्या. ईरा मोर्चासाठी पुठ्ठ्यावर काहीतरी रंगवत होती. तिनं ब्रश पाण्यात टाकला आणि वर निघून गेली. आणि त्या पडद्यावरच्या चौकोनांत मास्तरांचा एक चौकोन होता, तो काळा झाला. मी मात्र खुशीत. रात्री दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. मला वाटलं, यायचे नाहीत. छत्री धरली, अंतर मोजलं, बसले. बातमी वाचली नाही. म्हणाले, "ताई, तुम्ही आडनाव विचारलं होतं. आम्ही पारधी." मग वडिलांचं सांगितलं. गावात काही हरवलं की पहिला माणूस त्यांच्या पालावर यायचा. कोंबडी हरवली, वडील चौकीत. धान्य हरवलं, वडील चौकीत. एकदा परत आले ते काठी धरून, आणि मग ती काठी कधी सुटली नाही. संदीप, हे सांगू का म्हणून मी तुला काल विचारलं. तू म्हणालास, "सांगा आजी. बाबांनी कधी लपवलं नाही." पण पुढचं मी तुलाही सांगितलेलं नाही.

मास्तरांनी मला विचारलं, अगदी हळू, "ताई, तुमच्या घरी कधी काही हरवलं होतं का?"

मी म्हणाले, "नाही हो. आमच्याकडं काही नाही हरवलं."

मंडळी, हरवलं होतं.

मी सतरा वर्षांची, नवी सून. सासऱ्यांकडं पाटीलकी. विहिरीवर पाणी शेंदताना माझ्या हातून दोर सुटला आणि तांब्याची कळशी गेली खाली. सासूबाईंच्या माहेरची कळशी. सासूबाई कशा होत्या ते आता सांगत नाही, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. घरात बोंब झाली, कळशी चोरीला गेली. मी हो-नाही काहीच म्हणाले नाही. फौजदार आला. मला विचारलं, "दुपारी कुणी दिसलं का?" आणि मी म्हणाले, "एक पारधी फिरत होता."

फिरत होता तो. खोटं नव्हतं ते. रस्ता होता, माणूस चालणारच की!

त्याला चावडीत आणला. चावडी आमच्या वाड्याला लागूनच. मी भाकरी थापत होते. आवाज ऐकू येत होता. मी भाकरी जरा जोरात थापायला लागले. एवढंच केलं मी.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढला, तर गाळात कळशी. सगळ्यांनी बघितली. सासऱ्यांनी, धाकट्या दिरानं, गड्यांनी. कुणी एक शब्द बोललं नाही. सासूबाईंनी चिंच लावून घासली, लखलखीत केली, आणि पुन्हा तिच्यातलंच पाणी आम्ही प्यायला लागलो. मी वीस वर्षं प्याले.

त्या माणसाचं नाव काय, मला माहीत नाही. मागच्या आठवड्यात गावाकडं जावेला फोन केला. ती म्हणाली, "अगं बाई, आता कशाला उकरतेस? कोण लक्षात ठेवतंय?" खरंय. कुणीच ठेवलेलं नाही.

मास्तरांना सांगायचं, असं मी रोज घरून ठरवून निघायची. उद्या सांगू. चटणी दिली, उद्या सांगू. त्यांनी मला मोबाईलवर मराठी अक्षरं मोठी करायला शिकवली, उद्या सांगू. उन्हाळा गेला, पानं गळली. ते एकदा म्हणाले होते, "ताई, आमच्यापासून लोक पहिल्यापासून लांब बसायचे. आता सगळेच सगळ्यांपासून लांब. झाली बघा समानता!" तेव्हा मला आडनाव ठाऊक नव्हतं, मी खो खो हसले होते. नंतर त्या हसण्याचीही लाज वाटायला लागली.

मग त्यांना खोकला झाला. दवाखान्यातून संदीपनं फोनवर त्यांचा चेहरा दाखवला, नाकातोंडावर ती नळी. मला म्हणाला, "आजी, ऐकू येतंय त्यांना, बोला." तेव्हाही मी काय बोलले? "लवकर बरे व्हा, चटणी केलीय." एवढंच. शेवटी चटणीच.

माणूस गेल्यावर लोक म्हणतात, फार चांगला होता. ते मी म्हणणार नाही. मास्तर चांगले होतेच, त्याला माझी साक्ष कशाला? माझी साक्ष कसली असते ते तुम्ही आत्ता ऐकलं. ज्यांनी माझ्या त्या वाक्याला टाळ्या दिल्या, त्यांना हात जोडून सांगते, ते वाक्य परत घ्या. ईरा, तुझा पुठ्ठा मी टाकला नाही गं. माझ्या पलंगाखाली आहे. अर्धा रंगवायचा राहिलाय.

संदीप, तू मान खाली घालू नकोस. ती मी घालायची.

आता सगळे उभे राहा. एक मिनिट कुणी बोलायचं नाही. गप्प राहायचं मला कुणी शिकवायला नको, पन्नास वर्षांचा सराव आहे. म्हणून तुम्ही गप्प व्हायच्या आधी मास्तरांच्या त्या बाकाकडं बघून मी एवढं बोलते आणि बसते.

मास्तर, मी रोज तुम्हाला विचारायची, त्यानं काय केलं होतं? आज मीच सांगते. काही केलं नव्हतं. कळशी माझ्या हातून पडली होती.

नमस्कार, मास्तर.