माझं ‘नको’ आणि विहंगचं ओमाकासे

…आणि वर मलाच विचारता, ‘‘मग काय शामराव, पोटभर जेवलात ना?’’ अहो, कुठलं पोटभर! अडीच तास बसलो, अकरा पदार्थ झाले, प्रत्येक पदार्थ एका घासाचा, आणि वर चार वेळा समोर आलेला जादा घास माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या पानात गेला! का? तर म्हणे मी ‘नको’ म्हणालो! आता तुम्ही सगळी आपलीच माणसं, तुम्हीच सांगा, आपल्यात ‘नको’ म्हणजे नको असतं का हो?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा नुसता भुकेने बडबडतोय. आमची मृण्मयी, एकुलती एक, बँकेत आहे, तर तिने घरात जाहीर केलं की तिला विहंग आवडतो. ठीक आहे, आवडू दे! दोन हजार सात साल आहे, आपण काही जुन्या वळणाचे नाही. मी विचारलं, ‘‘मुलगा करतो काय?’’ तर म्हणाली, ‘‘इंजिनिअर होता.’’ होता! तुम्हाला सांगतो, त्या ‘होता’ने माझ्या काळजात जे धस्स झालं! कंपनीने त्याला जपानला पाठवलं, ओसाकाला, आणि हा पठ्ठ्या तिथे नोकरी सोडून एका म्हाताऱ्या स्वयंपाक्याच्या हाताखाली राहिला! सहा वर्षं! त्यातली पहिली दोन वर्षं नुसते तांदूळ धुतले! मी म्हटलं, अगं, तुझ्या आईने इंदिरानगरच्या या घरात तीस वर्षं तांदूळ धुतले, तिला कुणी जपानला बोलावलं का?

आणि आता गंगापूर रोडला त्याने हॉटेल काढलंय. हॉटेल म्हणजे काय, तर आठ खुर्च्या. आठ! आमच्याकडे सत्यनारायणाला पहिल्या पंगतीला याच्या तिप्पट माणसं असतात. मेन्यूकार्ड नाही, मागायचं काही नाही, तो समोर उभा राहून एकेक घास करून देणार आणि आपण खाणार. मृण्मयी म्हणाली, ‘‘बाबा, त्याला ओमाकासे म्हणतात. म्हणजे, तुमच्यावर सोपवलं.’’ मी म्हटलं, म्हणजे खानावळच की! खानावळीत तरी आपण कुठे काय मागतो?

पण पोरगी शहाणी. म्हणाली, ‘‘बाबा, एकदा जेवायला या. त्याच्या हातचं खा, आणि मग तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही.’’ असं म्हणाली आणि आत गेली. आता पोरगी अशी गप्प आत गेली की बापाचं काय होतं ते ज्यांना मुली आहेत त्यांना माहीत आहे. तरी मी मनाशी ठरवलं होतं. वाक्य तयार होतं. ‘मुलगा छान आहे, पण पत्रिका जुळत नाही.’ पत्रिका मी बघितलीसुद्धा नव्हती! अहो, बघायची कशाला? ‘पत्रिका जुळत नाही’ हा आपल्यातला खरा नकार. ‘नको’ हा नकार नाही. ‘नको’ ही नुसती सुरुवात असते!

तर रविवारी दुपारी आम्ही तिघं गेलो. आमच्यासाठी त्याने सगळं शाकाहारी केलेलं, हे मात्र कबूल करायला हवं. आमच्या शेजारी एकच पाहुणा, अंबडच्या कारखान्यातले एक जपानी साहेब, दर रविवारचे गिऱ्हाईक, बारीक, गोरेपान, नुसते मान हलवणारे. त्यांनी मान लववली, मी लववली, त्यांनी पुन्हा लववली, मी पुन्हा… शेवटी इंदिरा, म्हणजे आमची ही, म्हणाली, ‘‘अहो, बसा आता, मानेचा पट्टा घरी राहिलाय.’’

समोर लाकडी फळी, लांबच लांब, गुळगुळीत. मी सवयीने पानाभोवती पाणी फिरवलं. विहंगचा चेहरा जरा पडला, पण त्याने हळूच फडक्याने पुसून घेतलं. नंतर कळलं, ती फळी त्याने ओसाकाहून बोटीने आणली होती! मला काय माहीत? आणि पान तरी कसलं, पानाला डावी बाजूच नाही! ना चटणी, ना कोशिंबीर, ना मीठ, ना लिंबाची फोड. मी बोटाने ती जागा चाचपून बघितली, म्हटलं विसरला असेल.

पहिला पदार्थ आला वांग्याचा. भाजलेलं वांगं, त्यावर आंबवलेल्या सोयाबीनचा लेप, आकार म्हणाल तर देवाला नैवेद्य आपण याहून मोठा दाखवतो. आणि विहंग हात बांधून सांगतोय, ‘‘काका, हे वांगं मखमलाबादच्या लहानू पिंगळ्यांच्या मळ्यातलं, आज सकाळी तोडलंय, काटेरी जात आहे.’’ वांग्याचं गाव सांगितलं, घराणं सांगितलं, स्वभाव सांगितला! मी म्हटलं, अरे, तू तुझ्याबद्दल सांग ना, मी वांग्याला बघायला आलोय का?

बरं, मी आपला थांबलोय, सगळ्यांची पानं वाढून होऊ देत म्हणून. आणि तो माझ्याकडे बघतोय. मी त्याच्याकडे बघतोय. मृण्मयी हळूच म्हणाली, ‘‘बाबा, लगेच खायचं असतं, गार होतं.’’ खाल्लं. आणि तुम्हाला सांगतो… आता खोटं कशाला बोलू… वांगं सुरेख होतं! जिभेवर ठेवलं आणि गेलं. कुठे गेलं ते पोटालाही कळलं नाही. तेवढ्यात विहंग म्हणतो, ‘‘काका, आणखी एक देऊ?’’

आता तुम्ही काय म्हणाला असतात? मी तेच म्हणालो. ‘‘नको, नको.’’

आणि तो म्हणाला, ‘‘बरं, काका.’’

बरं काका! संपलं! दुसरा घास उचलला आणि जपानी साहेबांच्या पानात! साहेबांनी मान लववली आणि गट्ट! अरे, असं कुठे असतं का? माणूस पहिल्यांदा नको म्हणतो ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा म्हणतो ते वाढणाऱ्याला हुरूप यावा म्हणून, तिसऱ्यांदा म्हणतो तेव्हा घास पानात पडलेला असतो! माझी सासुरवाडी येवल्याची. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला मी पानावर हात आडवा धरला, तर आमच्या सासूबाईंनी हातावर जिलबी ठेवली. दोन्ही हात धरले, तर दोन्ही हातांवर दोन जिलब्या! पाक कोपरापर्यंत! त्याला म्हणतात वाढणं! आपल्यात नको म्हणजे नको नसतं!

दुसरा पदार्थ मुळा. मुळ्याची एक चकती, कसल्याशा सारात तास न् तास शिजवलेली, लोण्यासारखी. ‘‘आणखी देऊ काका?’’ या वेळी मी शहाणपणा केला, नुसतं नको नाही म्हणालो, हात आडवा केला. हात बघून तरी कळेल की नाही? ‘‘बरं, काका.’’ चकती साहेबांकडे!

तिसरं ते पनीरचं चुलत भावंड, टोफू. या वेळी तर मी सगळा सूर लावला, ‘‘अरे नको रे बाबा, खरंच नको, पोट अगदी गच्च झालंय…’’ आता या सुराचा अर्थ नाशकातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की दोन वाढा म्हणून! पण सहा वर्षं ओसाकात राहिलेला! ‘‘बरं, काका.’’ चौथ्याला मी नको म्हणालो तो आता नुसता रागाने, आणि तेव्हा मृण्मयी कानात पुटपुटली, ‘‘बाबा, तो एकदाच विचारतो. पाहुण्याच्या शब्दावर शंका घेणं म्हणजे त्याचा अपमान, असं त्याला तिथे शिकवलंय. हवं असेल तर हो म्हणा ना!’’

हो म्हणा! साठाव्या वर्षी मी परक्याच्या घरी पहिल्याच विचारण्याला ‘हो, वाढा’ म्हणू? लोक काय म्हणतील, घरी बायको घालत नाही?

मग मी नुसता बघत बसलो. उपाशी माणसाला दुसरं काम काय? आणि बघता बघता एक गोष्ट दिसली. इंदिराच्या पानात येणारे घास माझ्यापेक्षा पातळ होते. आधी वाटलं, बाईमाणूस म्हणून हात आखडता घेतोय की काय. मग लक्षात आलं, पाचव्या पदार्थापासून तिचा प्रत्येक घास पातळ, मऊ आणि मधोमध कापलेला. मी विचारलं, ‘‘विहंग, हिला वेगळं का रे?’’ तर तो हळू आवाजात म्हणाला, ‘‘काकू उजव्या बाजूने चावत नाहीयेत. दाढ दुखत असेल असं वाटलं.’’

मी इंदिराकडे बघितलं. ती म्हणाली, ‘‘अहो, दोन महिने झाले दुखतेय. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही लगेच डॉक्टर-डॉक्टर करता.’’ दोन महिने! रोज समोरासमोर जेवतो आम्ही! मी भाजीतलं मीठ बघतो, पोळीचा पापुद्रा बघतो, आणि या पोराने तासाभरात… खरं सांगतो, मला लाज वाटली. घास घशात अडकला, आणि तोही एवढासा घास! इतका वेळ जिभेवर घोळवत ठेवलेलं ते पत्रिकेचं वाक्य मला एकदम शिळं वाटायला लागलं.

पण म्हणून लगेच हो म्हणायचं नव्हतं हं! बापाने लगेच हो म्हणायचं नसतं. ‘बघू’ म्हणायचं, मग ‘कळवतो’ म्हणायचं, मग आठ दिवस फोन करायचा नाही, मुलाकडच्यांनी दोन चकरा मारायच्या, मग चहाला बोलवायचं… अहो, आग्रह इथेही लागतोच की!

तर शेवटचा पदार्थ. भाताचा मुटका, वर भाजलेली अळंबी. दोन वर्षं धुतलेल्या तांदळाचा भात तो! मी एक खाल्ला आणि मनात म्हटलं, शामसुंदर, गेली लाज खड्ड्यात, आता विचारलं की हो म्हणायचं. तबकात एकच मुटका उरलेला. जपानी साहेब मान लववायच्या तयारीतच बसलेले! माझे डोळे त्या मुटक्यावर. तेवढ्यात विहंगने हात पुसले, समोर येऊन उभा राहिला, आणि म्हणाला, ‘‘काका, एक विचारायचं होतं…’’ पुढे काहीतरी बराच वेळ बोलला, मला ऐकू कुठे येतंय, मी तबकाकडे बघतोय, आणि शेवटी तो थांबला आणि म्हणाला, ‘‘…तर तुमची हरकत नसेल ना?’’

‘‘नाही रे! हरकत कसली! हो! अगदी मनापासून हो! वाढ!’’

जपानी साहेबसुद्धा मान हलवायचे थांबले. मृण्मयीने दोन्ही हात तोंडावर धरले. इंदिराने पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, काय झालं? एका मुटक्यासाठी रडतात कशाला? तर मृण्मयी, ‘‘बाबा! त्याने माझा हात मागितला!’’

मला दरदरून घाम फुटला! मी म्हटलं, ‘‘अरे, नको… म्हणजे तसं नको नाही, पण एवढ्यात नको… बघू आपण… पत्रिका…’’

विहंग आपला सवयीने ‘‘बरं, का…’’ म्हणायला लागला, पण आमची ही! तोंडातला घास तसाच ठेवून म्हणते कशी, ‘‘अरे विहंग, तू बरं म्हणू नकोस! यांचं हो म्हणजे हो. आणि यांचं नको म्हणजे नको नसतं!’’

मग काय करता! पोरगी गळ्यात पडली. जपानी साहेबांनी मान लववली, मीही लववली. जावईबापूंनी, हो, आता ‘अरे विहंग’ म्हणून कसं चालेल, तो शेवटचा मुटका स्वतःच्या हाताने माझ्या पानात ठेवला. मी म्हटलं, ‘‘अहो, नको, पुरे.’’ तर आयुष्यात पहिल्यांदा आग्रह केला हो त्यांनी! ‘‘नाही बाबा, माझ्यासाठी एक घ्याच!’’

पिढ्यान् पिढ्या जावयाला आग्रह करत आलेली आपली माणसं… आणि इथे सासराच हात आडवा धरून बसलाय, आणि जावई त्याच्या हातावर मुटका ठेवतोय!