बाकीच्या सव्वीसांचा काय संबंध?

नोटरीच्या रांगेत माझ्यापुढे गोरव्यातला एक कारखानदार आणि त्याची थोरली बहीण उभी होती.

"ताई, आपले व्हॉल्व्ह बेल्जियमला जाणार. पण उद्या काही बिनसलं तर नियम अख्ख्या युरोपचे लागणार, सत्तावीस देशांचे."

"हेरंब, करार तुझा आणि त्या बेल्जियमवाल्याचा. बाकीच्या सव्वीसांचा काय संबंध?"

"सगळ्यांनी मिळून वर एक मंडळ बसवलंय. ते ठरवतं."

"आणि हे सगळे ऐकतात?"

"कुरकुरतात, पण ऐकतात."

"कमाल आहे. दोघांच्या व्यवहारात तिसऱ्याला बोलूच कशाला द्यायचं?"

"चल, आपला नंबर आला."

"थांब. तरसालीच्या आत्याला विचारलंस?"

"ताई, आत्याचा व्हॉल्व्हशी काय संबंध?"

"संबंध कशाला लागतो? रिक्षा बोलव."