पडद्याकडे पाठ

मनाशे : ...आणि ह्या पोराला कामधंदा काय, तर काही नाही. सकाळी उठतो, मोटारसायकल काढतो, गाणं म्हणतो. आम्ही फॅक्टरीत भोंग्यानंतर पोचलो तर अर्ध्या दिवसाचा पगार कापायचे.

हिल्डा : बाप श्रीमंत असेल त्याचा.

मनाशे : बाप आता श्रीमंतच असतो. पूर्वी हिरोची आई मशीनवर कपडे शिवायची आणि पोराला बी.ए. करायची. आता ती जरीची साडी नेसून जिन्याच्या टोकाला उभी. अर्धं पिक्चर झालं, बाईचा जिना उतरून होत नाही.

हिल्डा : हो, तिच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजतोय मघापासून. दोन पायऱ्या उतरते आणि थांबते. मुलाशी अबोला आहे ना तिचा?

मनाशे : आहे. त्यानं गरिबाघरची मुलगी केली म्हणून. माफ केल्याशिवाय खाली येणार नाही अशी शपथ घेतलीय. म्हणजे शेवटी येणार. शमुएलला मी दुकानात सांगितलं, अरे, शेवट आधीच कळणार नाही अशी एक तरी कॅसेट ठेव. तो म्हणाला, मनाशेअंकल, लोक लोणची आणि कॅसेट रोजच्या चवीचीच मागतात.

हिल्डा : मागच्या आठवड्यातलं ते लंडनचं मला बरं वाटलं होतं.

मनाशे : ते? फालतू. एका घरात वीस माणसं, एकाला साधा खोकला नाही. तीन लग्नं झाली त्यात, कोणी एक भांडं घासताना दिसलं?

हिल्डा : भांड्यांचा आवाज आला नाही, हे खरं. पण त्यातला म्हातारा चांगला होता. नातवाला निरोप देताना नुसता घसा साफ केला. मला इकडे नारळाचं दूध काढता काढता रडू आलं.

मनाशे : म्हणून त्या शुक्रवारी कालवण खारट झालं होतं.

हिल्डा : तुम्ही दोनदा वाढून घेतलंत की.

मनाशे : घेतलं. हिल्डा, लेबनॉनच्या लढाईपासून तू स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून पिक्चर बघतेस. अख्ख्या रामला गावात अशी दुसरी बाई नसेल.

हिल्डा : बघत नाही. ऐकते. अव्नेर धड घरी आला तर पुन्हा सिनेमा बघणार नाही, असं बोलले होते. ऐकणार नाही असं बोलले नव्हते.

मनाशे : ज्यांना नवस बोललीस ते एलियाहू हन्नाबी वर बसून म्हणत असतील, ही बाई कोर्टात हवी होती.

हिल्डा : त्यांची थट्टा करू नका. मुलगा आला ना परत? हातीपायी धड आला ना?

मनाशे : आला. पण त्यासाठी सगळ्यांच्या आया मलिदा करतात. पोहे, नारळ, साखर, फळं, चार माणसं बोलावली, प्रार्थना झाली, नवस फिटला. तुला वर आणखी सिनेमा टाकायला कोणी सांगितलं होतं?

हिल्डा : आवडतं ते द्यावं म्हणून दिलं. नावडतं देऊन काय उपयोग?

मनाशे : आवडतं तर होतंच. मुंबईला तिकिटासाठी बायकांची रांग वेगळी असायची. पुरुषांची रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली, आणि बायकांच्या रांगेत तू. पिवळी साडी, बगलेत छत्री. मी आलो आणि म्हटलं, बाई, माझंपण एक तिकीट काढाल का? तू वर न बघता विचारलंस, एकच?

हिल्डा : मला वाटलं, बरोबर कोणी असेल.

मनाशे : आणि तिकीट काढलंस ते तुझ्या शेजारच्या खुर्चीचं.

हिल्डा : खिडकीवरच्या माणसानं दिलं. मी मागितलं नव्हतं.

मनाशे : हे तू लग्नाआधीपासून सांगतेस. बरं, हे गाणं ऐक. चाल चांगली आहे, बाकी बर्फातला नाच आहे. इथे आम्हाला खमसीनचा गरम वारा, आणि हे बिनस्वेटरचे बर्फात.

हिल्डा : तिनं काय नेसलंय?

मनाशे : साडीच. पातळ, फडफडतेय.

हिल्डा : रंग?

मनाशे : पिवळा.

हिल्डा : मघाच्या गाण्यातही पिवळीच होती.

मनाशे : मग तीच असेल. प्रोड्युसर कंजूष.

हिल्डा : मंगळवारच्या कॅसेटमध्ये पण पिवळी. लंडनच्या तिन्ही नवऱ्या पिवळ्या. हल्ली सगळ्याच पिवळ्या नेसायला लागल्या.

मनाशे : फॅशन असेल. मला काय ठाऊक?

हिल्डा : तुम्हाला सगळं ठाऊक असायचं. एका सीनमध्ये तिच्या कानात एक डूल आणि पुढच्यात दोन, हे तुम्ही मला इथे येऊन सांगायचात. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर कुठल्या महिन्याचं होतं तेही. मी कांदा चिरता चिरता सगळं बघायचे. आता तुम्ही जेवताना जे सांगता ते मी आधीच ऐकलेलं असतं. आणि वर एक पिवळी साडी.

मनाशे : आता पिक्चरमध्ये बघण्यासारखं असतं काय?

हिल्डा : मंगळवारी शेजारची नाओमी कोथिंबीर मागायला आली होती. जाताना तुम्हाला शालोम करायला हॉलमध्ये डोकावली.

मनाशे : बोललो की मी तिच्याशी. काय म्हणाली?

हिल्डा : जिन्यात मला हसत सांगितलं. म्हणाली, तुझा नवरा मोठा गमत्या आहे. पडद्यावर नुसते पट्टे आहेत, चित्र गेलंय, आणि हा बसून बघतोय, मध्येच मान हलवतोय.

मनाशे : शमुएलची ती कॅसेट घासलेली होती.

हिल्डा : होती. ते तुम्हाला कळलं नाही. जेवताना तुम्ही मला सांगितलंत, शेवटी बापानं मुलीला जवळ घेतलं तेव्हा बागेत गुलाब होते.

मनाशे : ...तो आवाज जरा कमी कर. नको, राहू दे. तू इकडे येऊ नकोस, मीच करतो. कुठे ठेवलाय तो रिमोट?

हिल्डा : तुमच्या उजव्या हाताशी असेल. तिथेच ठेवते मी रोज. सापडला?

मनाशे : सापडला.

हिल्डा : किती दिसतं?

मनाशे : डावा गेलाय. उजव्यात दुधाच्या पिशवीतून बघितल्यासारखं. खिडकी कुठे आहे ते कळतं. तू दारात आलीस की कळतं. साखरेमुळे, डोळ्याच्या मागच्या बाजूला. अव्नेरनं मला बेर्शेबाच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं.

हिल्डा : कधी? तुम्ही तर त्याच्याकडे दिवाणखाना रंगवायला गेला होतात.

मनाशे : रंग त्यानंच दिला. मी शिडीला हात लावून उभा होतो. डॉक्टर पोरगी होती, रोतेम नाव, चांगली समजावून सांगत होती. अव्नेर तिच्याशी हिब्रूत तावातावानं बोलत होता, मी म्हटलं, बाबा, तिच्यावर काय चिडतोस? म्हणाली, वर्षभर आधी आला असतात तर लेझरनं थांबवता आलं असतं. आता आहे तेवढं टिकलं तरी नशीब.

हिल्डा : आणि अव्नेरनं मला एका शब्दानं सांगितलं नाही.

मनाशे : मीच बजावलं होतं. तुला कळलं असतं तर तू आणखी एक नवस बोलली असतीस. सोमवारचा उपास, गुरुवारचा उपास, सिनेमा आधीच दिलेला. आता तुझ्याकडे सोडायला उरलंय काय? चहा?

हिल्डा : वर्षभर आधी.

मनाशे : ती म्हणाली तसं. डॉक्टर म्हणतातच.

हिल्डा : वर्षभर आधी तुमची खुर्ची सरकायला लागली होती. मला इथे ऐकू यायचं. आधी सोफ्यापाशी होती, मग गालिच्याच्या कडेला, मग फरशीवर. पाय घासायचे तिचे.

मनाशे : हो, पुढे घ्यायचो थोडी थोडी.

हिल्डा : मला वाटलं, तुम्हाला ऐकायला कमी येतंय.

मनाशे : म्हणून तू ओरडायचीस होय, आवाज वाढवा, आवाज वाढवा!

हिल्डा : निलीला फोनवर सांगितलं मी, तुझ्या पप्पांचे कान गेले, कुपातच्या दवाखान्यातून कानाचं मशीन मिळतं का विचार. मुलगी बिचारी खरंच विचारून आली. मी तुमच्या कानाशी लागून बोलायला लागले. आणि तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, की मला नीट ऐकू येतं.

मनाशे : मला बरं वाटायचं. जवळ येऊन बोलायचीस.

हिल्डा : शेजारी बसले असते तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. तुम्ही डोळे बारीक करता ते दिसलं असतं. त्या बागेत गुलाब नाहीत ते दिसलं असतं. हाताला धरून दुसऱ्या दिवशी घेऊन गेले असते.

मनाशे : असं बोलू नये. शब्बाथचा दिवा लावायची वेळ जवळ आलीय.

हिल्डा : बुधवारी मी सिनेगॉगमधल्या यिशाय हज्जानकडे गेले होते. तुम्हाला सांगितलं, मासे आणायला जाते.

मनाशे : मासे तर आणलेस.

हिल्डा : येताना आणले. त्यांना विचारलं, इतक्या जुन्या नवसातून मोकळं होता येतं का? ते म्हणाले, येतं, सोपं आहे. रोश हशानाला, नवं वर्ष लागायच्या आधी सगळे करतात तसंच. सिनेगॉगमध्ये तीन माणसं बसवायची, त्यांच्यासमोर जायचं. पण ते एक विचारतात. हा नवस बोलल्याची तुला खंत आहे का? आहे म्हटलं तरच ते सोडवतात.

मनाशे : मग?

हिल्डा : माझी जीभ वळेना. खंत आहे म्हणायचं, तर मग अव्नेर आला त्याचं काय? त्या वर्षी आपल्याच बिल्डिंगमध्ये लष्कराच्या वर्दीतली माणसं आली होती, मुलगा गेल्याचं सांगायला, पुढच्या दारात. लिलीच्या दारात. मी त्यांच्या बुटांचा आवाज जिन्यात मोजला, ते आपल्या दारावरून पुढे गेले. असं मागितलेलं मिळाल्यावर खंत कशी म्हणायची? मी यिशायना सांगितलं, विचार करून येते.

मनाशे : बरोबर केलंस.

हिल्डा : नाही केलं. आता म्हणीन. मला खंत आहे. त्या तिघांसमोर म्हणीन, मोठ्यानं म्हणीन. रविवारी सकाळी जाते. संध्याकाळपासून मी तुमच्या शेजारी बसते, आणि पडद्यावर जे असेल ते सगळं तुम्हाला सांगते. डूल, कॅलेंडर, सगळं. इतकी वर्षं तुम्ही मला दाखवलंत.

मनाशे : नको.

हिल्डा : का नको? तुम्हीच तर म्हणायचात, नवसानं गोळी थांबत नाही. त्या रात्री मी मेणबत्त्या लावत होते तेव्हासुद्धा म्हणालात.

मनाशे : म्हणायचो.

हिल्डा : मग?

मनाशे : अव्नेरच्या कफीरला सैन्याचं बोलावणं आलंय.

हिल्डा : कधीचं?

मनाशे : हनुक्काच्या सणानंतरचं. अव्नेरनं काल फोनवर सांगितलं, तू आंघोळीला गेली होतीस. पोरानं स्वतःच मागून लढाऊ तुकडी घेतलीय. अव्नेर म्हणाला, आईला मी येऊन सांगतो. मी इतका वेळ ह्या पिक्चरला शिव्या घालतोय त्या कशासाठी असं वाटलं तुला?

हिल्डा : आपला कफीर.

मनाशे : बापाच्या वेळी तुझं हे चाललं. कसं चाललं मला माहीत नाही. मी सायन्सची पुस्तकं वाचलेला माणूस, माझा ह्यावर विश्वास नाही. पण तू जे बांधून ठेवलंयस ते आता सोडू नकोस. मला नको तुझे डोळे. पोर घरी येईपर्यंत तरी नको.

हिल्डा : त्याला तीन वर्षं लागतील.

मनाशे : लागू देत.

हिल्डा : तोपर्यंत तुमचं तेवढंही...

मनाशे : तोपर्यंत मी शमुएलच्या कॅसेटींना शिव्या देईन. त्याला डोळे लागत नाहीत.

(स्वयंपाकघरातला गॅस बंद झाल्याचा आवाज. मग स्टूल ओढत आणल्याचा.)

मनाशे : हे काय? इथे कुठे येतेस? समोर पिक्चर चालू आहे.

हिल्डा : डोळे मिटून आले. आता पाठ केली त्याच्याकडे. थोडे पाय आत घ्या.

मनाशे : म्हणजे तू माझ्याकडे तोंड करून बसलीस?

हिल्डा : हो. यात नवस मोडत नाही.

मनाशे : म्हटलं ना, कोर्टात हवी होतीस. कालवण?

हिल्डा : झालंय. दिवे लावायला अजून थोडा वेळ आहे. ऐका आता.

मनाशे : ऐकायचं काय? मघापासून कोणी बोलतच नाही. ह्या नव्या लोकांना शेवट करता येत नाही.

हिल्डा : तुम्ही अजून बघताय. बघू नका. डोळे मिटा. किल्ल्या ऐका.

मनाशे : वाजतायत.

हिल्डा : एकसारख्या वाजतायत, मध्ये थांबत नाहीत. आणि आता आवाज घुमत नाही. म्हणजे जिन्यावरून गालिच्यावर आली.

मनाशे : उतरली? माफ न करता?

हिल्डा : केलंच असेल. बांगड्या ऐका, काचेच्या आणि सोन्याच्या एकमेकींवर आपटल्या. सुनेला धरलंय.

मनाशे : खरंच की. हे मला आधी कधी ऐकू आलं नव्हतं.

हिल्डा : हळूहळू येतं.

मनाशे : हिल्डा, सुनेनं काय नेसलंय?

हिल्डा : पिवळी साडी.