आशीर्वादाआधीचं द्राक्ष

पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिल्याशिवाय नव्या हंगामाचं द्राक्ष तोंडात टाकायचं नाही, हे शुशानला पाळण्यातच शिकवलेलं. तरी चर्चच्या रांगेत उभ्या उभ्या तिने टोपलीतलं एक गालात सारलंच. आणि नेमकी पुढच्या दोघांची जुंपली: निवृत्त भूगोलमास्तर गार्निक आणि त्याची वहिनी न्वार्द.

“हा समोरचा आरारात, भाऊजी. महापुरानंतर यावरच नोहाचं तारू टेकलं आणि खाली उतरून त्याने आपल्या गावात पहिली द्राक्षवेल लावली.”

“वहिनी, डोंगर बुडेल एवढं पाणी जगात नाही. ती गोष्ट आहे, इतिहास नव्हे.”

“मग माझा मळा काय गोष्टीत उगवला?”

“आणि दारू पिऊन तो तंबूत उघडा पडला, तेही खरं?”

“ते मागनं कुणीतरी घुसडलं. चांगल्या माणसाबद्दल लोक बोलतातच.”

“म्हणजे सोयीचं तेवढं खरं!”

“बरं, सगळी गोष्टच ना? मग हे घ्या द्राक्ष. खा आत्ता, आशीर्वादाआधी.”

गार्निकने द्राक्ष उन्हात धरून निरखलं.

“खा की!”

“सकाळपासून पोट जरा बिघडलंय.”

“अस्सं!”

“हसू नका. या पोरीला विचारू. काय गं, नोहा खरा की नुसती गोष्ट?”

शुशानने ओठ घट्ट मिटून आधी नकारार्थी मान हलवली, मग होकारार्थी.

“बघा भाऊजी, आशीर्वाद मिळेपर्यंत पोरीने मौन धरलंय. याला म्हणतात श्रद्धा!”